हॉलच्या भिंतीला गडद वांगी रंग : लांबी (पुट्टी), प्राइमर, किती हात (थर), कोणते दिवे?

बेसा_रोड
फ्लॅट नागपुरातच, चौथा मजला. हॉल १४ × १२ फूट, उंची साडेनऊ. एका भिंतीला गडद जांभळा द्यायचा आहे. लव्हेंडर नाही, वाईन नाही, काळपटाकडे झुकणारा वांगी. पश्चिमेच्या भिंतीत मोठी खिडकी आहे आणि उन्हाळ्यात कूलर तिथेच लागतो. पूर्वेची १४ फुटी भिंत सलग आहे, डोळ्यासमोर तीच आहे. दक्षिणेची १२ फुटी, बेडरूमला लागून, सध्या तिच्यावर टीव्ही. उत्तरेकडे जेवणाची जागा उघडते. आत्ता सगळीकडे ऑफ-व्हाइट इमल्शन आहे.
पेंटर म्हणतो एक लिटरमध्ये दोन हातात बसेल. मॅट घ्यावा की चमक असलेला? छतही रंगवावं का? आणि मेमध्ये काम काढलं तर चालेल का?

तर्री_पोहा
मेमध्ये नागपुरात पेंटर मिळाला तर आधी त्याला ताक पाजा, मग रंगाचं बोला.

लांबीवाला
पेंटरचं "दोन हातात बसते" हे फिकट शेडला खरं आहे, या शेडला नाही. कारण डब्यातच आहे. फिकट रंग पांढऱ्या बेसमध्ये, म्हणजे मशीन ज्यात रंगद्रव्य मिसळते त्या मूळ रंगात, बनतो. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड भरपूर असते आणि खालचं झाकायचं काम तीच करते. गडद वांगी मशीनवर बनवायचा तर पांढरा बेस चालतच नाही, ॲक्सेंट किंवा क्लिअर बेस लागतो. त्यात ती पांढरी पूड जवळपास नसते. म्हणजे रंग दिसायला गडद, पण झाकायला कमजोर. पांढऱ्या भिंतीवर दोन हात मारले की रोलरचे पट्टे आणि खालचा पांढरा उजेड दोन्ही दिसतात. पेंटर मग तिसरा, चौथा हात मारत बसतो आणि डबा संपतो.

उपाय स्वस्त आहे. रंगाआधी जो प्राइमर, म्हणजे अस्तराचा थर, लागतो त्याचा शेवटचा हात राखाडी करून घ्या. पाण्याच्या प्राइमरमध्ये काळा स्टेनर (रंगद्रव्याचं घट्ट द्रावण) लिटरमागे २० मिलीपासून सुरू करा, ढवळा, पुठ्ठ्यावर लावून वाळू द्या आणि मग ठरवा. ओला प्राइमर आणि वाळलेला प्राइमर यांचा रंग एक नसतो. मध्यम राखाडी पुरे, कोळसा करू नका. त्यावर वांग्याचे तीन हात बसतात, तेवढ्यात रंग पूर्ण चढतो.

सदर_बाजार
लांबीवाले यांना अनुमोदन, पण एक दुरुस्ती. काळा स्टेनर हाताने ओतण्यापेक्षा दुकानातच प्राइमर मशीनवर राखाडी करून मागा. हाताने केलेले दोन डबे कधीच सारखे येत नाहीत. भिंतीच्या मध्यावर प्राइमरची छटा बदलली की वरचा जांभळाही तिथेच बदललेला दिसतो, तिसऱ्या हातानंतरसुद्धा थोडा.

लांबीवाला
मशीनवर प्राइमर करून द्यायला बरेच दुकानदार नाही म्हणतात. दिला तर उत्तमच. नाही दिला तर लागणारा सगळा प्राइमर एकाच बादलीत करा, विषय संपला.

रंगीत_खडू
आकडे बोलूया. पूर्वेची भिंत १४ × ९.५ म्हणजे १३३ चौरस फूट. तीन हात धरले तर साधारण ४०० चौरस फुटांचं काम. चांगल्या पुट्टीवर चांगलं इमल्शन लिटरमागे एका हातात २०० च्या वर जातं, पण या बेसला २०० च धरा. म्हणजे दोन लिटर. त्यात पावशेर तरी पुढच्या टचअपसाठी उरायला हवा, म्हणून एक-एक लिटरचे तीन डबे घ्या. आणि ॲक्सेंट बेसचा लिटरचा डबा मुळात पूर्ण लिटर भरलेला नसतो, रंगद्रव्य ओतायला जागा ठेवलेली असते. तेही हिशेबात घ्या.

तिन्ही डबे उघडून एका बादलीत एकत्र करा, मग पाणी घाला. मशीन एकच, फॉर्म्युला एकच, तरी डब्या-डब्यात सूक्ष्म फरक येतो आणि गडद रंगात तो कोपऱ्यात नाही, बरोबर भिंतीच्या मधोमध दिसतो.

मानेवाडा_चौक
पाणी किती घालते पेंटर, ते पाहत जा बाप्पा. डब्यावर प्रमाण लिहून राहते, पण पेंटर अंदाजानं ओतते. फिकट रंगात खपून जाते. यात पाणी जास्त झालं का रंग ओघळते, अन् वाळल्यावर ढगावानी डाग. मापाले एक मग्गा घ्या, पहिल्या हाताला जेवढे मग्गे तेवढेच तिसऱ्या हाताला.

कुंकवाचा_करंडा
मॅट की चमक, याचं उत्तर भिंत पाहिल्याशिवाय देता येत नाही. रात्री खोलीतले दिवे बंद करून एक बल्ब किंवा टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपी धरा. पुट्टीचे सगळे उंचवटे, पुट्टी ओढायच्या पत्तीचे ओरखडे, स्विचबोर्डाभोवतीची भर, सगळं उघडं पडेल. ऑफ-व्हाइटवर यातलं काही दिसत नसतं. गडद रंगाला चमक असली की दिवसाही हेच चित्र दिसणार. भिंत सपाट नसेल तर मॅट घ्या, वाद नको.

सदर_बाजार
मॅटचीही दुसरी बाजू सांगा ना. गडद मॅटवर हात घासला, सोफ्याची पाठ लागली, उशी टेकली की तिथे चकाकी येते. तो मळ नसतो, घासून पृष्ठभाग गुळगुळीत झालेला असतो. पुसायला गेलं की चकाकी वाढते. दोन वर्षांनी सोफ्यामागे आडवा चमकता पट्टा तयार. माझं मत सॉफ्ट शीनच्या (हलक्या चमकेच्या) बाजूने आहे, आणि पुट्टीवर दोन दिवस जास्त खर्च करा.

कुंकवाचा_करंडा
सोफा भिंतीपासून चार इंच पुढे सरकवायचा. दोन दिवसांची मजुरी वाचते.

सदर_बाजार
पाहुणे सोफ्यासकट मागे सरकतात हो. नागपूरचे पाहुणे जेवूनच उठतात.

तर्री_पोहा
सावजी जेवून टेकले तर भिंतीवर तर्रीचा डागही येईल. निदान या रंगावर तो दिसणार नाही, हा एक फायदा लिहून ठेवा.

लांबीवाला
हसा, पण दिसतं काय ते ऐका. तेलकट डाग खरंच लपतात. पांढरं ते सगळं ओरडून दिसतं: धूळ, जाळं, पालीची विष्ठा, खिळा ठोकताना उडालेली पुट्टी. नखाने ओरखडा आला तरी खालचा पांढरा डोकावतो. प्राइमर राखाडी करण्याचा हा दुसरा उपयोग, निदान वरवरच्या ओरखड्यातून पांढरं दिसत नाही.

पुट्टीबद्दल सविस्तर लिहितो, सगळा खेळ तिथेच आहे. आत्ताचं इमल्शन घट्ट असेल तर खरवडू नका. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मारा, ओल्या फडक्याने धूळ काढा. भेगा असतील तर पत्तीच्या टोकाने व्ही आकारात उघडून क्रॅक फिलर भरा. फ्लायॲशच्या विटांच्या बांधकामात बीम आणि विटांच्या सांध्यात आडवी रेघ हमखास असते. तिथे नुसती पुट्टी भरली की पुढच्या उन्हाळ्यात तीच रेघ परत येते. फायबरची जाळीपट्टी लावून वर पुट्टी ओढा. मग पूर्ण भिंतीवर ॲक्रेलिक पुट्टीचे दोन पातळ हात, एक आडवा, एक उभा. वाळल्यावर १८० आणि शेवटी ३२०. प्रत्येक हातानंतर तिरपा दिवा धरून पाहा आणि पेन्सिलने गोल करत जा, पेंटरला दाखवायला सोपं जातं. घासल्यानंतरची भुकटी नीट पुसली नाही तर प्राइमर तिच्यावर बसतो, भिंतीवर नाही. मग मास्किंग टेप ओढली की पापुद्रा टेपबरोबर येतो.

धरमपेठी
शेडबद्दल कोणी बोललंच नाही. शेड कार्डावरचा टिकलीएवढा तुकडा पाहून हा रंग निवडू नका. दोन फूट बाय दोन फूट प्लायवूडचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घ्या, राखाडी प्राइमर, वर दोन-तीन हात, आणि तो हॉलभर फिरवा. सकाळी, दुपारी दोनला आणि रात्री दिवे लावून. भिंतीवर थेट नमुना लावू नका. त्या चौकोनाची कड पुढे सगळ्या हातांखालून उठून दिसते.

जांभळ्याइतका दिव्याने बदलणारा रंग दुसरा नाही. ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे दिव्याच्या उजेडाच्या छटेचं माप) पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली तो निळा आणि थंड होतो, ३००० खाली तपकिरी-वाईनकडे जातो. हॉलमध्ये दोन्ही प्रकारचे दिवे असतील तर एकाच भिंतीचे दोन रंग दिसतील. सगळे ३००० किंवा सगळे ४००० ठेवा. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेलं पाहा, कारण स्वस्त एलईडीत लाल भाग कमी असतो आणि मग वांग्यातला लालसर जीव निघून जातो, उरतो नुसता काळा.

रंगीत_खडू
याच कारणाने एका कंपनीची शेड दुसऱ्या कंपनीत "मॅच" करून घेऊ नका. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखे दिसतात, घरच्या पिवळ्या दिव्याखाली वेगळे. रंगद्रव्यांचं मिश्रण वेगळं असलं की असं होतं.

मी_निळावंती
अवांतर: कृत्रिम रंगांची सुरुवातच जांभळ्यापासून झाली. १८५६ मध्ये विल्यम हेन्री पर्किन नावाचा १८ वर्षांचा पोरगा लंडनमध्ये क्विनीन बनवायला बसला होता आणि हाती लागला जांभळा रंग, मॉव्ह. हिवतापावर औषध शोधता शोधता राण्यांच्या झग्यांची सोय झाली.

तर्री_पोहा
आणि आता गडद भिंतीवर डास येऊन बसणार, म्हणजे वर्तुळ पूर्ण.

मी_निळावंती
त्यात तथ्य आहे हो. डेंग्यूचा एडिस डास गडद, सावलीतल्या जागी विसावतो. पण सोफ्याखाली आणि पडद्यामागे तो तसाही बसतोच. कूलरची टाकी आठवड्याला कोरडी करणं जास्त महत्त्वाचं.

धरमपेठी
पर्किनचा तो कापडाचा रंग होता, उन्हात उडायचा. भिंतीच्या जांभळ्यात बहुतेक डायऑक्साझिन व्हायोलेट नावाचं रंगद्रव्य असतं, जोडीला लाल ऑक्साइड, मॅजेंटा, काळा. गंमत अशी की हे व्हायोलेट गडद शेडमध्ये बरंच टिकतं, पण पांढऱ्यात पातळ केलं की लवकर फिकं पडतं. म्हणजे खिडकीसमोर लव्हेंडर लावणाऱ्यांपेक्षा वांगी लावणारे सुखी.

बेसा_रोड
भरपूर माहिती मिळाली, धन्यवाद. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी चारनंतर ऊन थेट पूर्वेच्या भिंतीवर येतं. गडद रंगाने हॉल जास्त तापेल का?

रंगीत_खडू
भिंतीवर जेवढा उन्हाचा पट्टा पडतो तेवढाच भाग जास्त गरम लागेल. खोली तापते ती खिडकीतून येणाऱ्या उन्हाने आणि पश्चिमेच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाने. ऊन काचेतून आत आलंच की भिंत पांढरी असो वा वांगी, बरीचशी उष्णता घरातच राहणार. खिडकीला बाहेरून चिक किंवा शेडनेट लावा, फरक तिथे पडेल. बाहेरच्या भिंतीला मात्र हा रंग देऊ नका, तिथे तो खरंच तापवतो.

मानेवाडा_चौक
कूलरच्या भिंतीले तर अजिबात नको. वाऱ्यासंग पाण्याचे बारीक तुषार येतेत, बोअरचं पाणी असलं का क्षार वाळून पांढरे ठिपके. पुसले तर पांढरट पट्टा. मॅटवर तो निघतच नाही.

विदर्भकन्या
वास्तूच्या दृष्टीने जांभळा पूर्वेला नको म्हणतात.

सदर_बाजार
वास्तूचा वेगळा धागा आहे, तिथे ४०० प्रतिसाद झालेत. इथे नको.

लांबीवाला
धागाकर्ते, एक विचारायचं आहे. पूर्वेच्या भिंतीच्या मागे काय आहे?

बेसा_रोड
कॉमन बाथरूम. शॉवरची बाजू. खाली स्कर्टिंगजवळ पेंट थोडा फुगलेला आहे, एक-दीड फुटापर्यंत. पेंटर म्हणाला वॉटरप्रूफ प्राइमर मारू.

लांबीवाला
मग थांबा. बाकी सगळी चर्चा यानंतर.

फुगलेला पेंट म्हणजे पाणी मागून येतंय. हॉलच्या बाजूने काहीही मारलं तरी पाणी थांबत नाही, फक्त प्लॅस्टरमध्ये साचतं आणि एक-दोन फूट वर सरकून दुसरीकडे फुटतं. ऑफ-व्हाइटवर क्षार फुललेले सहा महिने दिसत नाहीत, वांग्यावर पहिल्या आठवड्यात पांढरी फुलं दिसतील. शिवाय सिमेंटचा अल्कधर्मी ओलावा काही रंगद्रव्यांचा रंगही बिघडवतो, म्हणून डाग नुसता पुसून जात नाही.

तपासायचं कसं: फुगलेल्या जागेच्या वर, जिथे भिंत चांगली दिसते तिथे, दोन फूट बाय दोन फूट जाड पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवा. दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव जमलं किंवा भिंत काळपट झाली तर ओल तिथपर्यंत पोचली आहे. दव खोलीकडच्या बाजूला असेल तर ती हवेतली ओल, भिंतीचा दोष नाही.

प्लंबर_नाही_पण
बाथरूमच्या बाजूने क्रम असा लावा. आधी नळ सगळे बंद करून मीटर फिरतो का पाहा. फिरला तर भिंतीतली कन्सील्ड पाइप गळते. नाही फिरला तर न्हाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं पाणी जायचं भोक, बुजवून जमिनीवर दोन इंच पाणी एक रात्र उभं करा, पातळी उतरली तर ट्रॅपचा सांधा किंवा जमीन. दोन्ही ठीक असेल तर शॉवरच्या भिंतीच्या टाइल्सचे सांधे. तिथे जुना पांढऱ्या सिमेंटचा सांधा खरवडून इपॉक्सी ग्राउट भरायचं. सगळ्या टाइल्स फोडायची घाई करू नका. गळती थांबल्यावर हॉलकडचं फुगलेलं प्लॅस्टर टणक थर लागेपर्यंत काढा आणि भिंत उघडीच वाळू द्या. किमान दीड-दोन महिने.

महालातला_वाडा
जुन्या चुन्याच्या भिंतीवर हा रंग चालेल का? नागपूरच्या महाल भागातलं जुनं बांधकाम, आतून चुन्याचा गिलावा, वर वर्षानुवर्षांची सफेदी.

लांबीवाला
सफेदीवर इमल्शन थेट मारलं तर पोपडे. सफेदी पूर्ण खरवडावी लागेल. आणि चुन्याच्या भिंतीचा ओलावा बाहेर पडायला हवा, ॲक्रेलिकचे तीन-चार थर तो अडवतात. चुन्याच्याच रंगात गडद वांगी होत नाही, चुना स्वतः पांढरा असल्यामुळे कितीही रंग घातला तरी तो फिकटच राहतो. जांभळट आयर्न ऑक्साइड घालून मळकट जांभळा मिळेल, तो अशा भिंतीला शोभतोही.

धरमपेठी
धागाकर्त्यांसाठी: माझ्या मते पूर्वेची भिंत सोडाच. दक्षिणेची घ्या. मागे बेडरूम, म्हणजे कोरडी. पश्चिमेचं ऊन तिच्यावर तिरपं येतं, थेट नाही. टीव्ही काळा, तो या रंगात विरघळतो आणि पडद्याभोवतीची पांढरी चमक डोळ्यांना त्रास देत नाही. १२ × ९.५ म्हणजे ११४ चौरस फूट, तीन हात धरून पावणेदोन लिटरच्या आत काम होतं.

छत रंगवू नका. साडेनऊ फूट उंचीला छतही वांगी केलं तर चारही भिंती वांगी हव्यात, नाहीतर एका बाजूने झाकण ठेवल्यासारखं दिसतं. पण बाकी तीन भिंती पांढऱ्याशुभ्र नकोत. आत्ताचा ऑफ-व्हाइट ठीक आहे.

कुंकवाचा_करंडा
चारही भिंती, दरवाजे, छत सगळं एका रंगात, हा प्रकार छोट्या खोलीत जास्त चांगला दिसतो, हॉलमध्ये नाही. कडा दिसेनाशा झाल्या की खोली लहान वाटत नाही. अभ्यासाची खोली असेल तर विचार करा.

बाकी सामान: पितळ, सागवान, मोहरी रंगाच्या उशा. पांढरी स्विचप्लेट या भिंतीवर दातासारखी दिसते, करडी किंवा काळी घ्या.

तर्री_पोहा
संत्री रंगाचे पडदे सुचवायचे होते, पण नागपूरकराने सुचवलं की लोकांना वाटतं सवयीने सुचवलं.

कुंकवाचा_करंडा
संत्री नाही चालत असं नाही. एक उशी चालेल, पडदे नाही.

बेसा_रोड
प्लास्टिक लावलं होतं. भिंतीकडून दव जमलं. मीटर फिरत नाही, टाइल्सचे सांधे ठिकठिकाणी उघडे आहेत. तर आधी ग्राउट, पूर्वेची भिंत पुढच्या वर्षी साध्या रंगात. वांगी दक्षिणेला. आता महिना कोणता?

सदर_बाजार
दसऱ्याच्या आधी पेंटर गाठू नका, सगळ्या गावाला दिवाळीला रंग हवा असतो. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेमध्ये ४५ अंशाला भिंत पाणी शोषून घेते, रोलरचा आधीचा पट्टा पुढचा येईपर्यंत वाळतो आणि सांध्यांच्या रेघा राहतात. पावसाळ्यात उलटं होतं. गडद रंगात मशीनचं रंगद्रव्य जास्त असतं, ते आधीच हळू वाळतं, त्यात दमट हवा. मग चिकट, चमकते ओघळ उतरतात. तसे दिसले तर घाबरून परत रंगवू नका, पूर्ण वाळल्यावर ओल्या फडक्याने हलके पुसले की जातात.

दोन हातांमधल्या वेळेला डब्यावर चार तास लिहिलेले असले तरी या शेडला रात्रभर द्या.

मानेवाडा_चौक
अन् रंग होईपर्यंत पंखा बंद. पेंटर घामानं भिजते, तरी बंद.

बेसा_रोड
ठरलं, नोव्हेंबरअखेर. शेवटचा प्रश्न, छताशी सरळ रेघ कशी येईल? आत्ता छत आणि भिंतीच्या कोपऱ्यात पुट्टीची लाट आहे.

लांबीवाला
कोपऱ्यातच रेघ ओढायचा हट्ट धरला तर लाटच दिसेल. छताचा पांढरा अर्धा इंच भिंतीवर उतरवून घ्या, तिथे चॉकच्या दोऱ्याने रेघ मारा, त्या रेघेवर टेप. टेपची कड बोटाने दाबा आणि तिच्यावर आधी छताचाच पांढरा एक पातळ हात द्या. टेपखाली जे काही शिरायचं ते पांढरं शिरतं, कड बंद होते. ते वाळलं की वांग्याचे हात. शेवटचा हात थोडा ओलसर असतानाच टेप ४५ अंशात, सावकाश मागे ओढा. पूर्ण वाळल्यावर ओढली तर रंगाची किनार फाटून येते.

रोलर नऊ इंची, छोट्या केसांचा मायक्रोफायबर. फोमचा नको, बुडबुडे येतात. वरून खाली एकसलग, मध्ये चहाला थांबायचं नाही. कोपरा ते कोपरा एका दमात.

रंगीत_खडू
आणि झाकणावरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा: शेड कोड, बेस, तारीख, रंगद्रव्यांच्या मात्रा. उरलेला रंग छोट्या घट्ट बरणीत काठोकाठ भरून ठेवा, अर्ध्या रिकाम्या डब्यात साय येते. पुढे डाग पडला तर तेवढाच ठिपका रंगवू नका, मॅटवर तो ठिपका कायम दिसतो. एक पूर्ण भिंत एक हात.

बेसा_रोड
पुसायला कधीपासून चालेल?

सदर_बाजार
महिनाभर हात लावू नका. नंतर पांढरं ओलं फडकं कोपऱ्यात आठ-दहा वेळा हलकं फिरवून पाहा. फडक्यावर जांभळा उतरला तर अजून दोन आठवडे थांबा. फिकट रंगाच्या उशा त्या भिंतीला तोवर टेकवू नका.